सर्व्हर आणि क्लायंटची पूर्वतयारी: नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर बसवण्याआधी काय काय करायचं?



पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पकडली की सोमटणे, रसायनी आणि मग आपटा. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या शेवटी गाडीच्या दारातून हात पुढे होतो, ते स्टेशन हेच. स्टेशन सिनेमामुळे गाजलं, पण या मार्गावर थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. म्हणजे आपट्यात एखादा कॉम्प्युटर बंद पडला, तर पनवेलचा दुरुस्तीवाला कधी पोचेल हे गाडीच्या वेळेवर नाहीतर त्याच्या मोटारसायकलवर ठरतं.

तिथल्या एका संगणक वर्गाचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. अठरा कॉम्प्युटर विद्यार्थ्यांचे, दोन ऑफिसचे, एक प्रिंटर आणि एक चोवीस पोर्टचा स्विच. कारण असं घडलं की ऑनलाइन परीक्षेच्या सकाळी चार मशीन कामालाच आली नाहीत. दोघांच्या डिस्क काठोकाठ भरलेल्या, एकाचं घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं आणि चौथ्याची केबल सैल. चारही बिघाड अर्ध्या तासात सुटणारे होते. पण ते कळले परीक्षेची वेळ सुरू झाल्यावर. चार मुलांना दुसरी तारीख घेऊन घरी जावं लागलं.

असे बिघाड आदल्या दिवशी कळावेत, यासाठीच नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर असतं. ते कसं इन्स्टॉल करायचं याचे व्हिडिओ ढिगाने सापडतील. मी सांगणार आहे ते त्याच्या आधीचं काम, कारण ते न करता मी पहिल्यांदा थेट इन्स्टॉल केलं आणि चांगलाच तोंडावर पडलो.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

थोडक्यात सांगतो. एका मशीनवर सर्व्हर चालतो. बाकीच्या मशीनवर ‘एजंट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसतो. डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, मशीन किती वेळ सुरू आहे, अशी माहिती एजंट ठरावीक वेळाने सर्व्हरला देतो. सर्व्हर ती डेटाबेसमध्ये साठवतो, आलेख काढतो आणि आपण ठरवलेली मर्यादा ओलांडली गेली की कळवतो. प्रिंटर आणि स्विचमध्ये एजंट बसत नाही. त्यांच्याशी एसएनएमपी नावाच्या भाषेत बोलावं लागतं. ही भाषा १९८८ सालची आहे आणि आजही बहुतेक मॅनेज्ड स्विचना ती येते. पण साध्या, स्वस्त, अनमॅनेज्ड स्विचला ती येत नाही. स्विच विकत घ्यायचा असेल तर दुकानात हा प्रश्न आधी विचारा.

मी झॅबिक्स निवडलं. लॅटव्हिया देशातल्या रीगा शहरातली कंपनी ते बनवते. सोर्स कोड खुला आहे, पैसे लागत नाहीत. ७.० ही दीर्घ मुदतीची आवृत्ती जून २०२४ मध्ये आली. तुम्ही लिब्रेएनएमएस किंवा नागिओस घेतलंत तरी खालची तयारी जवळपास तीच राहील.

वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “यात मुलांची स्क्रीन दिसेल का?” नाही. त्यासाठी व्हेयॉनसारखं वेगळं सॉफ्टवेअर असतं. ते वर्ग चालवायला, हे यंत्रं सांभाळायला. दोन्हींची गल्लत करू नका.

माझी फजिती

शनिवारी दुपारी आपट्याला पोचलो आणि संध्याकाळपर्यंत वीसही मशीनवर एजंट टाकून मोकळा झालो. एका मशीनवर सेटिंगची फाइल तयार केली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि बाकीच्यांवर चिकटवत गेलो. प्रत्येक फाइलमध्ये त्या त्या मशीनचं नाव बदलायचं होतं. ते एका ठिकाणी राहून गेलं.

सोमवारी माझ्या स्क्रीनवर सात नंबरच्या मशीनची डिस्क ९७ टक्के भरलेली दिसली. बाईंना फोन केला. त्यांनी जाऊन पाहिलं आणि म्हणाल्या, “सर, सात नंबर तर जवळपास रिकामं आहे हो.” मी पुन्हा आलेख उघडला. एका मिनिटाला ९७, पुढच्या मिनिटाला ३१, मग परत ९७. करवतीच्या दात्यांसारखी रेघ. एक तास डोकं खाजवल्यावर कळलं, की बारा नंबरचं मशीनही स्वतःला ‘सात’च म्हणवून घेत होतं. दोघांची माहिती एकाच नावाखाली जमा होत होती आणि खरोखर भरलेली डिस्क बाराची होती.

सॉफ्टवेअरने काहीच चूक केली नाही. जे नाव सांगितलं त्यावर त्याने विश्वास ठेवला. चूक माझी होती. मग मी सगळं काढून टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी वही घेऊन.

आधी वही

दोनशे पानी वही घ्या किंवा एक्सेलची शीट करा. मी दोन्ही ठेवतो, कारण वीज गेल्यावर शीट उघडत नाही. प्रत्येक मशीनसाठी एक ओळ: क्रमांक, मशीनचं नाव, मॅक ॲड्रेस, आयपी ॲड्रेस, विंडोजची आवृत्ती, रॅम, डिस्क, स्विचचा कितवा पोर्ट आणि खोलीतली जागा.

यातली स्विच-पोर्टची नोंद लोक हमखास टाळतात, कारण त्यासाठी केबल हातात धरून ती भिंतीतून कुठे जाते ते शोधावं लागतं. टाळू नका. एक माणूस मशीनपाशी केबल काढेल-लावेल, दुसरा स्विचपाशी कुठला दिवा विझतो ते पाहील. वीस मशीनना तासाभरात होतं. याच कामात आम्हाला दोन केबली सापडल्या ज्यांची क्लिप तुटली होती आणि ज्या नुसत्या खोचून ठेवल्या होत्या. परीक्षेच्या दिवशीची चौथी केबल त्यातलीच.

या कामाला खंडेनवमीचा दिवस उत्तम. त्या दिवशी आपण यंत्रं पुसतो, हळदकुंकू वाहतो, कॅबिनेट हलवतो, मागची जळमटं काढतो. तेव्हाच मागचा स्टिकर वाचून घ्यावा. (दुसऱ्या दिवशी दसरा, आणि गाव आपटा. पानांचा विनोद तिथे सगळ्यांनी करून झालेला आहे, मी करत नाही.)

नावं

विंडोज नवीन टाकली की मशीनला ‘डेस्कटॉप’ आणि पुढे काहीतरी अक्षरं असं नाव मिळतं. वीस मशीनची अशी वीस नावं कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पुरवठादाराने एका मशीनची डिस्क जशीच्या तशी बाकीच्यांवर उतरवलेली असते. मग नावापासून आतल्या ओळख-क्रमांकापर्यंत सगळं सारखं निघतं. अशी मशीन मिळाली असतील तर नाव बदलणं ही किमान गोष्ट झाली. नव्याने घेताना पुरवठादाराला सांगा, की डिस्कची नक्कल करण्याआधी विंडोजचं ‘सिसप्रेप’ चालवून मगच नक्कल करा.

नाव छोटं ठेवा. विंडोजच्या जुन्या पद्धतीत पंधरा अक्षरांपुढचं नाव कापलं जातं. आम्ही गावाचं लघुरूप, खोली आणि क्रमांक अशी पद्धत ठेवली. क्रमांक नेहमी दोन आकडी, म्हणजे ०७, नुसता ७ नाही. नाहीतर यादीत १ च्या नंतर १० येतो आणि डोळे फसतात.

नाव जागेवरून द्यावं की मशीनवरून? माझं मत मशीनवरून. जागा बदलते. पंखा गळतो म्हणून, खिडकीतून पाऊस येतो म्हणून, बाकाचा पाय मोडला म्हणून मशीन इकडचं तिकडे जातं. स्टिकर कॅबिनेटवर लावा. मॉनिटरवर लावलात तर मॉनिटर बदलला त्या दिवशी सगळी वही खोटी ठरते.

आता मराठी वाचकांसाठी एक खास गोष्ट. झॅबिक्समध्ये प्रत्येक मशीनला दोन नावं देता येतात. एक तांत्रिक नाव, ते इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांतच हवं आणि एजंटच्या फाइलमधल्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही. दुसरं दिसणारं नाव, ते देवनागरीत चालतं. आम्ही तिथे ‘सात – खिडकीकडचं’, ‘ऑफिस – फीचं’ अशी नावं घातली. जागा बदलली की फक्त हे दिसणारं नाव बदलायचं. यानंतर बाईंना इशारा वाचून माझा फोन लावावा लागला नाही, थेट त्या मशीनपाशी गेल्या.

पत्ते

नाव ठरलं, आता आयपी ॲड्रेस. ब्रॉडबँडवाल्याने दिलेला डबा बहुधा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो आणि मशीन बंद-चालू झालं की पत्ता बदलूही शकतो. सर्व्हरचा पत्ता मात्र कधीच बदलता कामा नये, कारण वीसही एजंट त्या एकाच पत्त्यावर बोलायला येतात.

आम्ही असं केलं. (लेखात आकडे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजीच लागतील.) पूर्ण वर्ग १९२.१६८.१०.० या जाळ्यात घेतला. राउटर १, स्विच २, सर्व्हर १०, प्रिंटर २०. विद्यार्थ्यांची मशीन १०१ पासून ११८ पर्यंत, ऑफिसची १२१ आणि १२२. सात नंबरचं मशीन १०७ वर. पत्ता पाहिला की मशीन कळतं. सर्व्हर, स्विच आणि प्रिंटरला पत्ते हाताने बसवले. बाकीच्यांना राउटरमधल्या डीएचसीपी आरक्षणातून, म्हणजे ‘हा मॅक ॲड्रेस आला की हाच पत्ता द्यायचा’ अशा नोंदीतून.

इथे एक खोच आहे. ही आरक्षणं ब्रॉडबँडवाल्याच्या डब्यात ठेवू नका. डबा जळला की तो माणूस नवा लावून जातो आणि तुमच्या वीस नोंदी गायब. कोकणातल्या विजांच्या दिवसांत डबा जळणं ही नवलाची गोष्ट नाही. त्याच्यामागे स्वतःचा एक राउटर लावा आणि त्याच्या सेटिंगची फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा.

दुसरी खोच: वर्गात कुणीतरी चांगल्या मनाने जुना वायफाय राउटर आणून स्विचला जोडतो, ‘मोबाइलला नेट मिळावं म्हणून’. तो राउटरही पत्ते वाटायला लागतो. मग काही मशीनना इकडचा पत्ता, काहींना तिकडचा. अर्धा वर्ग चालू, अर्धा बंद, आणि कारण कपाटामागे. तयारीच्या दिवशी स्विचला काय काय जोडलंय ते मोजा. वहीत वीस मशीन, प्रिंटर, सर्व्हर आणि राउटर असतील आणि स्विचवर दिवे चोवीस लागत असतील, तर चोविसावं कोण आहे ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घड्याळ

या मुद्द्याला लोक हसतात. मीही हसायचो.

मशीन बंद असताना वेळ सांभाळते मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२. सुट्टीत महिना-दीड महिना वर्ग बंद राहिला, बॅटरी जुनी असली, की मशीन उठतं ते काही वर्षांपूर्वीच्या तारखेला. मग ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटवर ‘सर्टिफिकेट चुकीचं’ म्हणतो, परीक्षेचं पान उघडत नाही आणि लोक म्हणतात नेट गेलं.

विंडोज वेळ आपोआप दुरुस्त करते हे खरं, पण डोमेनमध्ये नसलेल्या सुट्या मशीनवर तिची मूळ मर्यादा १५ तासांची असते. त्याहून जास्त फरक दिसला तर ती दुरुस्ती स्वतःहून करत नाही. म्हणजे दहा मिनिटं मागे गेलेलं घड्याळ सुधारतं आणि दहा वर्षं मागे गेलेलं तसंच राहतं! उपाय एकच, बॅटरी बदला. वीसही बदला, एकदम. त्याचा खर्च परत एकदा पनवेलहून येण्याच्या खर्चापेक्षा कमी आहे.

मॉनिटरिंगला वेळ का हवी? कारण सर्व्हर प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का पाहतो. स्विच बंद पडला म्हणून मशीन तुटली, की मशीन बंद झाल्यावर स्विचचा दिवा गेला, हे शिक्के जुळले तरच कळतं.

आमची पद्धत: सर्व्हर इंटरनेटवरून एनटीपीने वेळ घेतो, बाकी सगळे सर्व्हरकडून. नेट गेलं तरी वर्गातली सगळी घड्याळं निदान एकमेकांशी जुळलेली राहतात. भारतीय प्रमाणवेळ सांभाळते ती दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशात कंपन्या आणि सरकारी संस्थांना घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायला सांगितलं आहे. छोट्या वर्गानेही तेच स्रोत वापरले तर बिघडलं काय?

आणि एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेलं सापडेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ मानतो, विंडोज स्थानिक. बॅटरीला दोष देऊ नका. दोघांपैकी एकाची सेटिंग बदला.

सर्व्हर किती मोठा हवा?

दुकानदार विचारेल तेव्हा घाबरू नका. हिशेब साधा आहे. बावीस उपकरणं, प्रत्येकी ८० बाबी, दर मिनिटाला एकदा. म्हणजे १७६० नोंदी मिनिटाला, साधारण २९ सेकंदाला. एका आकड्याच्या नोंदीला डेटाबेसमध्ये सुमारे ९० बाइट लागतात असं झॅबिक्सचं मार्गदर्शन सांगतं. ३० दिवस ठेवायचं तर साडेसात कोटींच्या थोड्या वर नोंदी, म्हणजे अंदाजे ७ जीबी. बस्स. प्रत्यक्षात सगळ्या बाबी दर मिनिटाला मागवायची गरजही नसते. डिस्क किती भरली हे पाच मिनिटांनी कळलं तरी चालतं.

म्हणून आम्ही ऑफिसमधलं एक जुनं मशीनच सर्व्हर केलं. रॅम ८ जीबी केली आणि जुनी फिरती हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची नवी एसएसडी घातली. डिस्कवर मात्र काटकसर करू नका. हा डेटाबेस दिवसरात्र लिहीतच असतो.

ऑपरेटिंग सिस्टिम उबुंटू सर्व्हर २४.०४. तिला सुरक्षा अपडेट पाच वर्षं मिळतात. झॅबिक्सचा सर्व्हर विंडोजवर चालत नाही, एजंट चालतो. डेटाबेस मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस, जे हाताला सवयीचं ते. मायएसक्यूएल घेतलंत तर डेटाबेस तयार करतानाच अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ आणि कोलेशन त्याच्याच ‘बिन’ प्रकारचं ठेवा. सर्व्हर कोरा असताना हे एका ओळीत होतं, नंतर बदलायला बसलात तर अख्खा रविवार जातो.

मशीनची जागा. पाताळगंगेच्या काठचं गाव, पावसाळ्यात हवेत ओल आणि जमिनीला पाझर. सर्व्हर जमिनीवर ठेवू नका, लोखंडी कपाटात बंद करून गुदमरवूही नका. आम्ही भिंतीला मांडणी ठोकून कमरेच्या वर ठेवला.

वीज

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. एवढं मोठं संकट रोज येत नाही. रोज येते ती दहा मिनिटांची ये-जा, आणि डेटाबेसला तीच जास्त छळते.

सर्व्हर, स्विच आणि राउटर ही तिन्ही यूपीएसवर हवीत. नुसता सर्व्हर यूपीएसवर ठेवलात तर तो जागा राहील, पण त्याला कुणाचाच आवाज येणार नाही. यूपीएस घेताना यूएसबी पोर्टवाला घ्या. तो केबलने सर्व्हरला जोडला आणि ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं, की बॅटरी संपत आली असता सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. आणि बायोसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप सुरू’ ही सेटिंग चालू करा. ती बंद राहिली तर रविवारी रात्री गेलेला सर्व्हर सोमवारी कुणी बटण दाबेपर्यंत झोपलेला असेल, आणि तुम्हाला वाटेल एकही इशारा आला नाही म्हणजे सगळं छान चाललंय.

इमारती दोन असतील, तर त्यांच्यामध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढू नका. तिची मर्यादा १०० मीटर हा एक भाग झाला. खरी भीती विजेची. फायबर टाका.

क्लायंट मशीनची तयारी

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी असंख्य वर्गांत ती आहे, विंडोज ७ सुद्धा आहे. झॅबिक्सचा नवा ‘एजंट २’ विंडोज ७ वर चालणार नाही, तिथे जुना एजंट टाकावा लागतो. हे वहीतल्या आवृत्तीच्या रकान्यावरून आधीच कळतं.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. बऱ्याच वर्गांत मशीन बंद-चालू केलं की ते पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असतं, मुलांनी काही बिघडवलं तर जावं म्हणून. त्याने तुमचा एजंटही जातो! आज टाकला, उद्या सकाळी नाही. आधी ते सॉफ्टवेअर मोकळ्या अवस्थेत आणा, एजंट टाका, सगळं तपासा, मग पुन्हा कुलूप लावा.

मशीनची झोपेची सेटिंगही पाहा. पंधरा मिनिटांनी झोपणारं मशीन प्रत्येक मधल्या सुट्टीत ‘बंद पडलं’ म्हणून इशारा देईल. दोन दिवसांत सगळे इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतील आणि तिसऱ्या दिवशीचा खरा इशारा त्यात बुडेल. वर्गाच्या वेळात झोप बंद ठेवा. आणि वर्ग संध्याकाळी सहाला बंद होत असेल तर विद्यार्थ्यांच्या मशीनसाठी ‘बंद आहे’ हा इशारा सहानंतर देऊच नका.

फायरवॉल: कुठलं दार कुणासाठी

झॅबिक्समध्ये दोन पद्धती आहेत. सर्व्हर एजंटकडे जाऊन विचारतो, तेव्हा क्लायंटवरचं १०,०५० नंबरचं पोर्ट उघडं लागतं. एजंट स्वतः सर्व्हरकडे जाऊन सांगतो, तेव्हा सर्व्हरवरचं १०,०५१. मला वर्गासाठी दुसरी पद्धत आवडते, कारण वीस मशीनची दारं न उघडता एकाच मशीनचं उघडावं लागतं. पण तिच्यात नाव हीच ओळख असते. म्हणूनच माझी सात-बाराची फजिती झाली. (सात-बारा! तलाठ्याकडचा नव्हे.) पहिल्या पद्धतीत सर्व्हर पत्त्यावरून जातो, तिथे असा घोळ झाला नसता.

सर्व्हरवर १०,०५१ फक्त १९२.१६८.१० च्या जाळ्यासाठी उघडा, जगासाठी नाही. वेळेसाठी यूडीपी १२३, वेब पानासाठी ४४३. सर्व्हर स्विच-प्रिंटरला विचारतो ते त्यांच्या यूडीपी १६१ वर. तिथला ‘पब्लिक’ हा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द आधी बदला, जमत असेल तर एसएनएमपीची तिसरी आवृत्ती वापरा.

पिंग करून पाहिलं आणि उत्तर आलं नाही, तर मशीन बंदच आहे असं समजू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला सहसा उत्तर देत नाही. राउटर बदलल्यावर विंडोज जाळ्याला ‘सार्वजनिक’ समजून आणखी दारं लावून घेते, त्यामुळे ते ‘खाजगी’ करून ठेवा आणि पिंगचा नियम चालू करा.

माणसांना सांगा

एजंट बसवण्याआधी वर्गात आणि ऑफिसात पाच मिनिटं बोला. डिस्क, मेमरी, तापमान दिसणार. टाइप केलेलं, फोटो, मेसेज दिसणार नाहीत. आम्ही हे आधी सांगितलं नाही तेव्हा ऑफिसमधल्या एका सरांनी दुसऱ्याच दिवशी एजंट बंद करून टाकला होता. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्या मशीनवर न विचारता कुणी काही बसवलं तर मीही तेच केलं असतं.

प्रत्यक्ष इन्स्टॉलच्या दिवशी

एवढं झाल्यावर इन्स्टॉल म्हणजे किरकोळ काम. सर्व्हर आधी. वेब पानावर पहिल्यांदा शिरताच मूळ पासवर्ड बदला. तो जगाला माहीत असलेला शब्द आहे, ‘झॅबिक्स’. बाईंसाठी फक्त पाहता येईल असं वेगळं खातं काढा.

मग दोनच क्लायंट: एक सगळ्यात चांगलं मशीन, एक सगळ्यात खोडकर. दोन दिवस थांबा. दोघांच्या रेघा सरळ आहेत, करवत दिसत नाही, घड्याळं जुळताहेत, बंद-चालू केल्यावर एजंट परत उठतोय, हे पाहिल्यावरच बाकीचे अठरा. प्रत्येकाचं नाव फाइलमध्ये लिहिल्यावर वहीत बरोबरची खूण. माझ्या दुसऱ्या खेपेला या सगळ्याला दीड तास लागला. आधीच्या तयारीला दोन दिवस लागले होते.

डेटाबेसची प्रत रोज रात्री दुसऱ्या मशीनवर जाईल असं लावा आणि एकदा ती प्रत खरंच परत चढवून पाहा. आणि सर्व्हरकडून रोज सकाळी आठला ‘मी जागा आहे’ एवढाच संदेश बाईंच्या मोबाइलवर येऊ द्या. तो आला नाही तर वर्ग उघडण्याआधी यूपीएस पाहायचा.

पुढच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ‘चौदा – दाराजवळचं’ या नावाने इशारा गेला, डिस्क ९१ टक्के. मी तेव्हा पनवेलला दुसऱ्या कामात होतो आणि तो रात्री पाहिला. तोपर्यंत बाईंनी डाउनलोडचं फोल्डर रिकामं करून वहीत तारीख टाकली होती.